हंगामी कारखान्यासाठी सीटी आणि केबलची निवड: बर्फाच्या कारखान्याचे उदाहरण

हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवण यांसारख्या बंदरांच्या आसपास चालणाऱ्या बर्फाच्या कारखान्याचा वीजवापर वर्षभर एकसारखा नसतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, तेव्हा कॉम्प्रेसर थांबलेला असतो आणि दिवे, एखादा लहान पंप, कार्यालयातले पंखे एवढाच भार उरतो. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात गेल्या की तोच कारखाना दिवसरात्र चालू लागतो. आंब्याचे कॅनिंग करणाऱ्यांचे कॅलेंडर वेगळे, त्यांची घाई एप्रिल-मेमधली. काजूवाल्यांचे आणखी वेगळे. अशा ठिकाणी स्वतःचा चेक मीटर, म्हणजे कंपनीच्या मीटरशी ताळा पाहण्यासाठीचा मीटर, किंवा विभागवार सबमीटर बसवताना सीटी, म्हणजे मोठा करंट ठराविक प्रमाणात लहान करून मीटरला देणारा करंट ट्रान्सफॉर्मर, मेन स्विचवरचा आकडा पाहून निवडण्याची जी सवय सर्रास दिसते, ती सर्वांत जास्त नडते. स्विच सुरक्षेसाठी निवडलेला असतो, त्यात पुढच्या वाढीची जागा ठेवलेली असते; सीटी मात्र प्रत्यक्ष वाहणाऱ्या करंटसाठी निवडावा लागतो आणि त्याच्यापासून मीटरपर्यंत जाणारी वायर हा त्या मापनयंत्रणेचाच भाग मानावा लागतो.

येथे जे सांगितले आहे ते ग्राहकाने आपल्या बाजूला बसवायच्या लघुदाबाच्या मीटरविषयी आहे. वीज वितरण कंपनीचा मीटर, त्याचे सीटी आणि त्यांची पेटी सीलबंद असते आणि तिला हात लावणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली गंभीर प्रकार ठरू शकतो, म्हणून तो भाग पूर्णपणे बाजूला ठेवला आहे. आपल्या बाजूचे कामही परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि पुरवठा बंद करूनच करून घ्यावे.

आधी करंट काढावा, मग रेशो

उदाहरणासाठी एक मध्यम बर्फाचा कारखाना धरू. त्याच्या आवारात २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, ज्याचा ४३३ व्होल्टवरचा पूर्ण करंट साधारण २६७ अँपिअर होतो, आणि पॅनेलवरचा मुख्य ब्रेकर त्यामुळे बऱ्यापैकी मोठा आहे. हे पाहून बहुतेक जण ३००/५ रेशोचा, म्हणजे मुख्य वायरीत ३०० अँपिअर असताना मीटरकडे ५ अँपिअर देणारा, सीटी मागवतात. आता प्रत्यक्ष भार मोजू. कॉम्प्रेसरची मोटर ४५ किलोवॉट, कंडेन्सरच्या पाण्याचा पंप ७.५ किलोवॉट, मिठाच्या पाण्याच्या टाकीतला अ‍ॅजिटेटर ५.५ किलोवॉट, आणि बाकी किरकोळ मिळून ४ किलोवॉट असे एकूण ६२ किलोवॉट होतात. मोटरींची कार्यक्षमता सरासरी ९० टक्के धरली तर लाइनवरून सुमारे ६९ किलोवॉट ओढले जातात. तीन फेसच्या भारासाठी किलोवॉटला १००० ने गुणून त्याला १.७३२, ४१५ व्होल्ट आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या केव्हीएपैकी कामी आलेल्या किलोवॉटचे प्रमाण) यांच्या गुणाकाराने भागले की करंट मिळतो. पॉवर फॅक्टर ०.८५ धरल्यास उत्तर सुमारे ११३ अँपिअर येते. बंदीच्या काळात भार ५ किलोवॉटवर उतरला, तर हाच करंट ८ अँपिअरच्या आसपास असतो.

कागदावरच्या हिशोबावर थांबू नये. मोटरीच्या पाटीवरचा आकडा आणि तिने रोज ओढायचा करंट यांत फरक असतो, आणि जुन्या कारखान्यात कोणती मोटर कधी बदलली हे मालकालाही नीट आठवत नाही. हंगाम ऐन भरात असताना क्लॅम्प मीटरने तिन्ही फेसचे करंट दिवसातून तीन-चार वेळा, आठवडाभर नोंदवावेत, आणि शक्य असल्यास बंदीच्या काळातही एकदा नोंदवावेत. हे दोन आकडे, म्हणजे नेहमीचा वरचा करंट आणि नेहमीचा खालचा करंट, हाती असल्याशिवाय सीटीची ऑर्डर देऊ नये.

आपल्या उदाहरणात ११३ अँपिअरसाठी १५०/५ चा सीटी योग्य ठरतो. भरल्या हंगामात तो ७५ टक्क्यांवर चालतो, आणि मापनाच्या सीटीची अचूकता त्याच्या अंकित, म्हणजे पाटीवरच्या, करंटच्या १२० टक्क्यांपर्यंत, म्हणजे येथे १८० अँपिअरपर्यंत, हमीची असल्याने उद्या एखादी १५ किलोवॉटची मोटर वाढली तरी अडचण येत नाही. स्टार-डेल्टा स्टार्टरने कॉम्प्रेसर सुरू होताना काही सेकंद करंट बराच वर जातो, त्या धास्तीने मोठा सीटी घेण्याची गरज नाही. त्या काही सेकंदांतली ऊर्जा महिन्याच्या युनिटांच्या तुलनेत नगण्य असते आणि सीटी तेवढा भार सहज सोसतो.

आता तेच जुलै महिन्यातल्या ८ अँपिअरला लावून पाहावे. ३००/५ च्या सीटीवर ते अंकित करंटच्या केवळ २.७ टक्के होतात, तर १५०/५ वर ५.३ टक्के. हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते क्लास समजून घेतल्यावर कळते.

क्लासचा आकडा कुठपर्यंत खरा असतो

सीटीच्या पाटीवर क्लास, म्हणजे अचूकतेची श्रेणी, ०.५ लिहिलेला असला, की तो नेहमीच अर्ध्या टक्क्यात अचूक असतो असा समज असतो. तसे नाही. आयएस १६२२७ या भारतीय मानकानुसार, ज्याने जुन्या आयएस २७०५ ची जागा घेतली, ०.५ क्लासच्या सीटीला अर्ध्या टक्क्याची मर्यादा फक्त १०० ते १२० टक्के करंटला लागू असते. २० टक्क्यांवर पाऊण टक्का आणि ५ टक्क्यांवर दीड टक्का चूक मान्य असते, आणि ५ टक्क्यांच्या खाली तर मानक काहीच बोलत नाही. ०.५एस क्लासचा सीटी मात्र २० टक्क्यांपासून वर अर्ध्या टक्क्यात, ५ टक्क्यांवर पाऊण टक्क्यात आणि अगदी १ टक्क्यावरही दीड टक्क्यात राहावा लागतो. आपल्या जुलैच्या ८ अँपिअरसाठी ३००/५ चा साधा ०.५ क्लासचा सीटी म्हणजे कोणतीही हमी नसलेले मोजमाप. १५०/५ चा ०.५एस म्हणजे पाऊण टक्क्याची हमी. हंगामी भारासाठी ‘एस’ हे अक्षर महाग वाटले तरी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभर एकाच पातळीवर चालणाऱ्या भारासाठी साधा ०.५ पुरतो.

प्रमाणातल्या चुकीइतकीच, किंबहुना कोकणातल्या मोटरींच्या भारावर तिच्याहून जास्त, नडणारी दुसरी चूक म्हणजे कोनाची. सेकंडरीतला, म्हणजे सीटीतून मीटरकडे जाणारा, करंट प्रायमरीच्या, म्हणजे मुख्य वायरीतल्या, करंटशी तंतोतंत एकाच क्षणी न चालता किंचित पुढेमागे असतो, आणि हा फरक मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत, दिला जातो. ०.५ क्लासला पूर्ण करंटवर ३० मिनिटे आणि ५ टक्क्यांवर ९० मिनिटे मान्य असतात. पॉवर फॅक्टर १ जवळ असताना यातून जवळपास काही बिघडत नाही, पण पॉवर फॅक्टर घसरला की त्याची किंमत वाढत जाते: ३० मिनिटांच्या फरकाने ०.८ पॉवर फॅक्टरला सुमारे ०.६५ टक्के आणि ०.५ ला सुमारे १.५ टक्के चूक येते, तर ९० मिनिटांच्या फरकाने ०.५ पॉवर फॅक्टरला सुमारे ४.५ टक्के. अर्धवट भारावर घुरघुरत राहणाऱ्या मोटरी आणि बंद पडलेले कपॅसिटर हे चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ०.५ पॉवर फॅक्टर अतिशयोक्त वाटणार नाही.

सीटी आणि मीटर यांचे क्लास एकमेकांना शोभणारे असावेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मीटरविषयक २००६ च्या विनियमांत ६५० व्होल्टपर्यंतच्या ग्राहक मीटरला १.० किंवा त्याहून चांगला क्लास सांगितला आहे. आपल्या चेक मीटरवर हे बंधन नसले, तरी ०.५एस चा मीटर घेऊन त्याला क्लास १ चे सीटी जोडण्यात पैसे वाया जातात, कारण क्लास १ च्या सीटीला ५ टक्के करंटवर ३ टक्क्यांपर्यंत चूक मान्य असते. वितरण कंपनीच्या मीटरशी तुलना करायची असेल, तर आपले दोन्ही घटक तिच्यापेक्षा हलके नसावेत; नाहीतर फरक कोणाच्या मीटरमध्ये आहे, हा वाद मिटतच नाही.

बर्डन, म्हणजे सीटीच्या खांद्यावरचे ओझे

काही वर्षांपूर्वी एका कॅनिंग कारखान्यात चेक मीटर मुख्य मीटरपेक्षा सतत कमी युनिट दाखवत होता. मालकाने मीटर दोनदा बदलला. वायरमनचे म्हणणे होते, ‘साहेब, मीटर फिरतोय ना, मग वायरिंग बरोबरच आहे.’ सीटी चांगल्या क्लासचे होते, पण ५ व्हीएचे, म्हणजे सेकंडरीच्या वर्तुळात ५ व्होल्ट-अँपिअरपर्यंतचे ओझे पेलणारे; मीटर मात्र मालकाच्या टेबलासमोर हवा म्हणून पॅनेलपासून २५ मीटर लांब बसवलेला, आणि मधली वायर दीड चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन ५० मीटर वायरचा रोध सुमारे ०.६ ओहम झाला आणि ५ अँपिअरवर त्यात १५ व्हीए खर्ची पडू लागले. पाच किलोची पिशवी पेलणाऱ्याच्या खांद्यावर पंधरा किलोचे पोते ठेवले होते, आणि दोष सगळे जण मीटरला देत होते.

बर्डनचा हिशोब सोपा आहे, आणि तो दरवेळी करावा. सेकंडरीच्या वर्तुळातला एकूण रोध घ्यावा आणि त्याला सेकंडरी करंटच्या वर्गाने गुणावे. ५ अँपिअरच्या सीटीसाठी म्हणजे २५ ने गुणावे. १ अँपिअरच्या सीटीसाठी १ ने, म्हणजे गुणण्याचीच गरज नाही. तांब्याच्या साध्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला दर किलोमीटरला जास्तीत जास्त १.५ चौरस मिलिमीटरसाठी १२.१ ओहम, २.५ साठी ७.४१, ४ साठी ४.६१ आणि ६ साठी ३.०८ ओहम धरावा. बारीक तारांच्या लवचिक वायरचा थोडा जास्त असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या पॅनेलचे आतले तापमान ५० अंशांवर जाणे काही विशेष नाही, आणि तेवढ्या तापमानाला हा रोध सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो.

आपल्या बर्फाच्या कारखान्यात मीटर पॅनेलपासून १८ मीटरवर, कार्यालयाच्या भिंतीवर बसवायचा आहे असे समजू. प्रत्येक सीटीची जाणारी आणि येणारी वायर स्वतंत्र धरली तर ३६ मीटर होतात. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने ०.२६७ ओहम, म्हणजे ६.७ व्हीए, आणि उष्णतेची वाढ धरून ७.५ व्हीए. त्यात मीटरचे प्रत्येक फेसचे बर्डन, जे आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये अगदी थोडे, समजा ०.२ व्हीए असते, आणि सगळ्या सांध्यांचा मिळून ०.०१ ओहम, म्हणजे ०.२५ व्हीए, मिळवावा. एकूण ८ व्हीएच्या जवळ गेलो. ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ५.१ व्हीए होतात, म्हणजे ५ व्हीएचा सीटी अजूनही किंचित जास्त लादलेला राहतो. ६ घेतली तर सुमारे ३.६ व्हीए, आणि तेव्हा कुठे तो मर्यादेत येतो. पण ६ चौरस मिलिमीटरची वायर लहान मीटरच्या टर्मिनलमध्ये शिरत नाही, मग ती टीटीबीपर्यंत, म्हणजे टेस्ट टर्मिनल ब्लॉकपर्यंत, आणून पुढे आखूड बारीक वायर काढावी लागते.

तीन सीटींच्या एस२, म्हणजे सेकंडरीच्या परतीच्या, टोकांना एकत्र जोडून एकच परतीची वायर आणली, तर समतोल भारावर त्या परतीच्या वायरमधून जवळपास काहीच वाहत नाही आणि हिशोब निम्म्यावर येतो. मात्र बर्फाच्या कारखान्यात एकाच फेसवर वेल्डिंग मशीन किंवा गीझर लागलेला असतो, त्यामुळे मी हिशोब नेहमी पूर्ण जाण्या-येण्याचाच करतो.

‘मग घेतानाच १५ व्हीएचा सीटी घ्यावा’ असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. मानकातली अचूकतेची हमी अंकित बर्डनच्या २५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यानच असते. मीटर पॅनेलमध्येच, सीटीपासून २ मीटर वायरच्या अंतरावर असेल, तर एकूण बर्डन २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने फक्त १.३ व्हीएच्या आसपास भरते. १५ व्हीएच्या सीटीसाठी खालची मर्यादा ३.७५ व्हीए असल्याने तो हमीच्या बाहेर जातो आणि बहुतेक वेळा किंचित जास्त दाखवतो, कारण उत्पादक सेकंडरीचे वेढे थोडे कमी ठेवून पूर्ण बर्डनवरची तूट भरून काढतात. शिवाय बर्डन कमी पडले की शॉर्टसर्किटच्या वेळी मीटरला वाचवणारा एफएस५ किंवा एफएस१० हा सुरक्षा गुणांकही प्रत्यक्षात वाढतो, आणि मीटरपर्यंत अपेक्षेपेक्षा जास्त करंट पोहोचतो. अशा जवळच्या जोडणीला २.५ व्हीएचा सीटी नेमका बसतो.

माझा आग्रह असा, की मीटर सीटीच्या शेजारी पॅनेलमध्ये बसवावा आणि कार्यालयात फक्त आकडे न्यावेत. आरएस-४८५ या माहिती नेणाऱ्या जोडवायरने मीटरचे वाचन शेकडो मीटरवर नेता येते आणि तिच्या लांबीने मोजमापात कणभरही फरक पडत नाही. मालकाला आकडे डोळ्यांसमोर हवे असतात, ती गरज खरी आहे. पण तिच्यासाठी करंटची वायर फिरवणे हा उपाय नव्हे. करंटच लांब न्यायचा असेल, जसे वेगळ्या इमारतीतल्या नियंत्रण खोलीत, तर १ अँपिअर सेकंडरीचा सीटी घ्यावा: त्याच १८ मीटरला त्याच २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने केवळ ०.३ व्हीए खर्च होतात. अर्थात तेव्हा मीटरही १ अँपिअरचा किंवा दोन्हींवर चालणारा हवा.

एकाच सीटीवर मीटर, जुना काट्याचा अमीटर आणि कपॅसिटर पॅनेलचा रिले असे तिघे लटकवलेले पुष्कळ ठिकाणी दिसतात. प्रत्येकाचे बर्डन बेरजेत येते, आणि कोणीतरी रिले दुरुस्त करताना तोच फेस मीटरसाठीही तुटतो. मापनाचा सीटी मापनापुरताच ठेवावा.

जोडणी करताना

लघुदाबाच्या कामासाठी ०.६६ केव्हीचा, रेझिनमध्ये ओतलेला, अखंड गाभ्याचा सीटी घ्यावा. सीटीच्या खिडकीतून फक्त त्याच फेसचा बसबार किंवा केबलची एकच कोअर जावी. पूर्ण साडेतीन कोअरच्या केबलभोवती सीटी घातला तर तिन्ही फेसचे करंट एकमेकांना खोडतात आणि वाचन शून्याजवळ येते. एका फेसला दोन समांतर केबल असतील तर दोन्ही त्याच सीटीतून गेल्या पाहिजेत. ही चूक विस्तार झालेल्या कारखान्यांत वारंवार सापडते, कारण दुसरी केबल नंतर ओढलेली असते आणि ती खिडकीत मावत नाही म्हणून बाहेरूनच नेलेली असते.

लहान करंटसाठी एक जुनी युक्ती उपयोगी पडते. १००/५ च्या सीटीतून प्रायमरी वायर दोनदा फिरवली तर तो ५०/५ सारखा वागतो. बसबारचा एकच वेढा असणारा लहान रेशोचा सीटी चांगल्या क्लाससह पुरेसे व्हीए देऊ शकत नाही, म्हणून वीस-तीस अँपिअरच्या सबमीटरसाठी ही युक्ती किंवा वेढ्यांची प्रायमरी असलेला सीटी वापरावा. वेढे किती घेतले ते पॅनेलच्या दारावर लिहून ठेवावे. न लिहिल्यास पुढचा माणूस पाटी वाचून चुकीचा गुणक लावणार, हे ठरलेले आहे.

प्रायमरीची पी१ बाजू पुरवठ्याकडे आणि पी२ भाराकडे ठेवावी. एस१ मीटरच्या करंट येण्याच्या टोकाला आणि एस२ जाण्याच्या टोकाला जोडावे. सेकंडरीचे एक टोक, प्रत्येक सीटीसाठी एकाच ठिकाणी, अर्थ करावे, म्हणजे जमिनीला जोडावे. दोन ठिकाणी अर्थ झाले तर काही करंट मीटर टाळून जमिनीतून जातो. ज्या फेसचा करंट, त्याच फेसचा व्होल्टेज हे सूत्र डोळ्यांत तेल घालून पाळावे. समतोल भारावर एका सीटीची दिशा उलटी झाली तर मीटर खऱ्याच्या एक तृतीयांश दाखवतो, आणि दोन फेसचे करंट आपसांत बदलले तर तो जवळपास शून्यावर जातो. यांतली पहिली चूक जास्त फसवी आहे, कारण मीटर चालू दिसतो आणि युनिट कमी दिसले म्हणून कोणी तक्रार करत नाही.

व्होल्टेजच्या वायरमधून मिलिअँपिअरच वाहत असल्याने तिची जाडी अचूकतेसाठी नव्हे, तर मजबुतीसाठी पाहावी, १.५ चौरस मिलिमीटर पुरते. प्रत्येक फेसला २ अँपिअरचा फ्यूज मात्र टॅपिंगच्या जागीच असावा. सेकंडरीच्या वायरला कधीही फ्यूज, एमसीबी किंवा स्विच लावू नये. प्रायमरीत करंट वाहत असताना सेकंडरी उघडली गेली, की सगळा करंट गाभा चुंबकित करण्यात खर्ची पडतो आणि उघड्या टोकांवर शेकडो ते हजारो व्होल्टच्या लाटा उभ्या राहतात. त्या माणसाला मारू शकतात, सीटीचे इन्सुलेशन जाळू शकतात, आणि सीटी वाचलाच तरी गाभ्यात उरलेले चुंबकत्व त्याची अचूकता बिघडवते. म्हणून मीटर आणि सीटी यांच्यामध्ये शॉर्टिंग लिंक असलेला टीटीबी बसवलाच पाहिजे, आणि मीटर काढण्याआधी लिंक लावून सेकंडरी शॉर्ट केलीच पाहिजे.

केबल तांब्याची, बहुतारी, आयएस १५५४ ची आर्मर्ड कंट्रोल केबल असावी. लाल, पिवळा, निळा हे रंग दोन्ही टोकांना एकसारखे असावेत आणि प्रत्येक कोअरवर छापील फेरूल, म्हणजे ओळखक्रमांकाची लहान नळी, असावे. पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे उपकरण, असेल, तर त्याच्या केबलच्या ट्रेमधून ही केबल नेऊ नये.

खारी हवा आणि पावसाळा

किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरच्या आत तांब्याचा उघडा लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला जोडतुकडा, एका पावसाळ्यात हिरवा पडतो. हे फक्त दिसायला वाईट नसते. एका सांध्याचा रोध ०.१ ओहमने वाढला, तर ५ अँपिअरवर २.५ व्हीएचे जादा बर्डन येते, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरची सुमारे १३ मीटर वायर अचानक वाढल्यासारखे होते. २.५ व्हीएच्या सीटीची तर पूर्ण क्षमता एवढ्यानेच संपते. त्यामुळे येथे कल्हई केलेले, गोल डोळ्याचे लग योग्य दाबयंत्राने दाबून बसवावेत; काट्यासारखे उघडे लग वापरू नयेत, कारण स्क्रू सैल झाला की ते निसटतात आणि सेकंडरी उघडी पडते. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि स्प्रिंग वॉशर वापरावेत. केबल पॅनेलमध्ये नेहमी खालून, ग्लँड, म्हणजे केबल शिरते तिथली पकड, घट्ट करून आणावी, आणि बाहेर तिला एक खालचा वळसा द्यावा म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी ग्लँडमध्ये न शिरता खाली टपकते.

उघडता-मिटता येणारे स्प्लिट-कोअर सीटी चालू पॅनेलवर पटकन बसतात, म्हणून लोकप्रिय आहेत. किनाऱ्यावर कायमच्या कामाला मी ते वापरत नाही. त्यांच्या दोन जबड्यांमध्ये मुळातच सूक्ष्म फट असते, आणि खाऱ्या दमट हवेत त्या पृष्ठभागांवर गंज धरला की फट वाढते, सोबत कोनाची चूकही वाढते. आठवड्याभराच्या पाहणीसाठी मात्र ते उत्तम.

पॅनेलमध्ये एक लहान हीटर असावा आणि तो जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवावा. बंदीच्या काळात कारखाना बंद असतो म्हणून मेन खाली टाकून हीटरही बंद करण्याची पद्धत आहे. नेमक्या त्याच दोन महिन्यांत आतली आर्द्रता सर्वांत जास्त असते. वाशिष्ठी किंवा काजळीसारख्या नद्यांच्या काठी पॅनेल असेल, तर मीटर आणि टीटीबी जुन्या पुराच्या खुणेच्या वर बसवावेत. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चालू केल्यावर तपासणी

मीटरमध्ये सीटीचा रेशो भरताना आधी ठरवावे, की गुणक मीटरमध्येच भरायचा की कागदावर लावायचा. मीटर ५/५ वर ठेवला तर १५०/५ साठी प्रत्येक वाचन ३० ने गुणावे लागते. दोन्हीकडे लावला तर ९०० पट होते, आणि असे झालेले मी पाहिले आहे.

त्यानंतर भरल्या हंगामात एकदा ताळा घ्यावा. एका फेसच्या प्रायमरीवर क्लॅम्प मीटर लावून वाचलेला आकडा आणि मीटरने दाखवलेला करंट जुळतो का, ते तिन्ही फेससाठी पाहावे. सेकंडरीवर बारीक क्लॅम्प लावल्यास ९८ अँपिअरला सुमारे ३.२७ अँपिअर दिसायला हवेत. प्रत्येक फेसचे किलोवॉट धन चिन्हाचे आणि पॉवर फॅक्टर एकमेकांशी मिळतेजुळते असले पाहिजेत. एखाद्या फेसचा पॉवर फॅक्टर विचित्र दिसला तर तिथे करंट आणि व्होल्टेजची अदलाबदल शोधावी. ऊर्जेचा ताळा मीटरच्या लाल दिव्याच्या स्पंदांवरून घेता येतो. समजा मीटरवर सेकंडरीच्या एका युनिटला १०,००० स्पंद असे लिहिले आहे आणि ५० स्पंदांना ९ सेकंद लागले. ३६०० गुणिले ५० याला १०,००० गुणिले ९ ने भागले की सेकंडरीचे २ किलोवॉट येतात, आणि ३० ने गुणले की ६० किलोवॉट. त्याच वेळी पडद्यावर ६० च्या जवळचा आकडा दिसला पाहिजे.

हाच ताळा जुलैमध्ये, ५ किलोवॉटच्या भारावर, पुन्हा घ्यावा. सीटी मोठा पडला असेल, तर तो डिसेंबरमध्ये सहसा कळत नाही, पावसाळ्यात कळतो. दोन्ही वेळची वाचने, सीटीचा रेशो, क्लास, व्हीए, प्रायमरीचे वेढे, वायरची लांबी आणि जाडी हे सगळे एका कार्डावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून, पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावे. उघडा कागद लावू नये. तो दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत बुरशीने काळा पडतो आणि वाचता येत नाही.